वळसा

काचेच्या पेटीतलं ते निळं तळं क्षिप्राला ओळखीचं वाटलं आणि तिथेच तिचं चित्त उडालं. तसं पाहिलं तर तळ्यात ओळखण्यासारखं काय असतं. पण हे तळं कानाच्या आकाराचं होतं, खाली पाळीपाशी निमुळतं झालेलं, आणि त्या पाळीला लागून एक वाट गेलेली. पेटीत पुठ्ठ्याचे मनोरे होते, स्पंजची झाडं होती, नखाएवढ्या मोटारी होत्या, आणि बाकावर बसवलेलं एक प्लास्टिकचं जोडपं होतं. गुडगावच्या त्या नव्याकोऱ्या मॉलमध्ये रविवारची गर्दी होती. लोक पेटीवर वाकून आपलं घर कुठल्या मनोऱ्यात येईल ते एकमेकांना बोटानं दाखवत होते. काळा कोट घातलेली एक मुलगी लाल उजेडाचा ठिपका फिरवत सांगत होती, "सर, ये हमारा लेक. ये क्लब. और ये बच्चों का पूल." ठिपका पाळीच्या पलीकडे जाऊन थांबला. तिथे एक चौकोनी, जरा जास्तच निळा तुकडा चिकटवलेला होता. क्षिप्राचा नवरा नीरज हातातलं चकचकीत पुस्तक चाळत म्हणाला, "आपल्या अंकुरला पोहायला पाठवता येईल, रोज. तू काय म्हणतेस?" क्षिप्रानं त्या मुलीला विचारलं, "यहाँ पहले क्या था?" मुलगी गोड हसली. असलं विचारणारी गिऱ्हाइकं तिला रोजची असणार. "कुछ नहीं मॅम. खाली जमीन थी."

खाली. म्हणजे रिकामी. हा शब्द क्षिप्रानंच गावाच्या नकाशात घालून घेतला होता, दुसऱ्या कुणी नाही. सोहन्याच्या पुढे, रस्ता सोडून आत गेलं की त्या तळ्याचं गाव. तिथल्या पोरापोरींना ती वर्षभर एका संस्थेतर्फे शिकवत होती: गावाचा नकाशा गावानं काढायचा, पटवारी काढेल म्हणून वाट बघत बसायचं नाही. हातात मावेल एवढं यंत्र घ्यायचं आणि चालायचं. यंत्र वरच्या उपग्रहांशी आपलं आपण बोलतं, आपण कुठून कुठे गेलो ते टिपून ठेवतं, आणि शाळेतल्या संगणकाला जोडलं की चाललेला सगळा माग पडद्यावर जांभळ्या रेघेनं उमटतो. जीपीएस हे नाव गावात कुणाच्या तोंडात बसलं नाही. म्हातारे त्याला 'बिना बात का फोन' म्हणत. ही यंत्रं, संगणक, सगळं एका बांधकाम कंपनीनं देणगी दिलेलं, आणि क्षिप्राला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. म्हणाली होती, चला, बिल्डर लोकांत एखादा तरी बरा निघाला. आज दुपारी तोच नकाशा ग्रामसभेपुढे जायचा होता. त्यात जे घर, जे शेत, जे देऊळ, ते जिथल्या तिथे राहणार. आणि पंचायतीच्या जमिनीत ज्या तुकड्यावर 'खाली' लिहिलं असेल तो ठराव करून त्याच कंपनीला देऊन टाकायचा, असं सरपंचानं ठरवलेलं. सभेला क्षिप्रानं हजर राहून नकाशा बरोबर आहे असं सांगायचं होतं. म्हणजे ठराव अजून व्हायचा होता, आणि इकडे पेटीत पोहायचा तलाव भरूनसुद्धा झाला होता.

नीरज गाडी काढायला गेला तरी ती पेटीपाशीच उभी होती. खाली असेल तर खाली, त्यात एवढं हलून जायला काय झालं, असं तिनं स्वतःला विचारून पाहिलं. जमीन रिकामी होती, तिथे मुलं पोहतील, चांगलंच आहे की. पण छातीत काहीतरी खुपत होतं. पहिल्या दिवशी तिनं फळ्यावर लिहिलं होतं, 'जो दिखे, वही लिखो.' ऐकीव काही नको, कुणी म्हणतं म्हणून नको. डोळ्यांना दिसतं तेवढंच नकाशात. ह्या नियमाचा तिला अभिमान होता आणि त्याचं मूळ पार तिच्या लहानपणात होतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती वाढली. दर संक्रांतीला बाबा मंडळाच्या बसमधून सगळ्यांना पानिपतला काला अंबला घेऊन जायचे. थंडीनं नाक लाल झालेलं, खिशात तिळगूळ, आणि बाबा गव्हाच्या हिरव्यागार शेतांवरून हात फिरवत म्हणायचे, "आपली माणसं पडली ती इथेच कुठेतरी." "नक्की कुठे, बाबा?" "अगं, इथेच कुठेतरी." आजूबाजूचे काका-मावश्या डोळे पुसायचे आणि ह्या पोरीला मात्र राग यायचा. एवढी माणसं गेली आणि कुणाला जागा सांगता येऊ नये म्हणजे काय? रडायचं तरी कुठल्या दिशेला बघून? पुढे ती भूगोल शिकली, नकाशे शिकली, ती त्या रागापायीच. दिल्लीतल्या मराठी माणसाची अर्धी हयात 'इथेच कुठेतरी' म्हणण्यात जाते असं ती थट्टेनं म्हणायची, आणि ती थट्टा नसायची.

गाडीत बसल्यावर तिला ती वळलेली रेघ आठवली. थंडी नुकती सरली होती, मोहरी काढून झाली होती. पोरं तळ्याच्या बाजूनं चालायला निघाली होती. गावात त्या तळ्याला जोहड म्हणतात. सतपाल सगळ्यांच्या पुढे. बारावी झालेला, उंच, मिसरूड फुटलेला, कुठल्याही भिंतीवरून उडी मारणारा. पोरींना तिनं गावातल्या गल्ल्या वाटून दिल्या होत्या, कारण शिवारात पोरी हिंडल्या की घरून निरोप यायचे. दुपारी वीज आली तेव्हा सगळ्यांचे माग एकावर एक पडद्यावर घातले. सतपालची रेघ जोहडाच्या पाळीपर्यंत सरळ आली, तिथून बाजूला झाली, मोठा अर्धगोल घेऊन पुन्हा वाटेला लागली. त्याच्या मागच्याचीही तशीच. त्याच्या मागच्याचीही. जेवढी पोरं त्या वाटेनं गेली तेवढ्या रेघांना तिथे वळसा होता. क्षिप्रा रागावली होती. "सीधे क्यों नहीं गए? वहाँ क्या है?" सतपालनं स्वतःच्या चपलेकडे बघत म्हटलं होतं, "कुछ ना सै, मॅडमजी." "काँटे हैं?" "कुछ ना सै." तिनं स्वतः जाऊन पाहिलं. कीकराची, म्हणजे बाभळीची झुडपं, वाळलेलं गवत, जरा उंचसखल जमीन. ना दगड, ना झेंडा, ना झाडाला दोरा. मग नियम तो नियम. तिनं सुदेशला सांगितलं, लिही खाली. सुदेश वर्गातली सगळ्यांत चलाख पोरगी, तिनं झटकन टाइप केलं आणि क्षिप्रा तिला शाबास म्हणाली.

नीरज कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी यंत्रं माती उकरत होती, धुळीत मोठमोठ्या पाट्या उभ्या होत्या आणि पाट्यांवरची गोरी कुटुंबं कशाला तरी हसत होती. क्षिप्रा ऐकत नव्हती. काट्याला घाबरणारी पोरं नव्हेत ती. अनवाणी बकऱ्या हाकत वाढलेली. भुताखेताचं म्हणावं तर सतपालनं तिखटमीठ लावून सांगितलं असतं, भुताच्या गोष्टींची त्याला हौस होती. मग मान का घातली त्यानं खाली? तो स्वर तिच्या कानात घोळत राहिला. 'कुछ ना सै.' हे तिनं कुठेतरी ऐकलं होतं, आणि हिंदीत नव्हतं ऐकलं. मराठीत ऐकलं होतं. कुठे? कधी? आणि मग आठवलं. आज सकाळीच. मयूर विहारहून निघताना अंकुर मागच्या सीटवरून म्हणाला होता, "बाबा, निजामुद्दीनच्या पुलावरून चला ना. तिथून नदी जास्त दिसते." नीरज म्हणाला होता, "तिथे काही नाहीये बघण्यासारखं," आणि गाडी टोलच्या पुलाकडे वळवली होती. रविवारची सकाळ, रस्ते मोकळे, जवळचा पूल फुकटचा. तिनं नेहमीसारखं त्याला चिडवलंही होतं, की हा माणूस भाजीवाल्याशी कोथिंबिरीसाठी भांडतो आणि टोलवाला मात्र ह्याचा जावई आहे. अंकुर हसला होता. नीरज हसला नव्हता. अंकुरला वृंदामावशीकडे सोडून ते पुढे मॉलला आले होते.

टोलचा पूल झाला नव्हता तेव्हा तो आयटीओच्या पुलावरून जायचा, सकाळच्या त्या भयानक गर्दीतून. ऑफिसला उशीर व्हायचा तरी तिकडूनच. विचारलं की म्हणायचा, हा रस्ता सवयीचा आहे. कधीपासून सवयीचा? अंकुरच्या आधीपासून. थोडा आधी. त्यांची पहिली मुलगी झाली तेव्हापासून. आठव्या महिन्यातच झाली होती, एका दुपारी, आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेली. क्षिप्रा औषधांच्या गुंगीत होती. नर्सनं हिरव्या कापडातलं गाठोडं पुढे धरलं तेव्हा चेहरा दुसऱ्या बाजूला होता. दिसला तो फक्त कान. इवलासा, पाळी मानेला चिकटलेली. मग नीरज आणि त्याचे बळवंतकाका तिला घेऊन गेले. परत आले तेव्हा दोघांचे केस ओले होते. काका बिचारे वाईट नव्हते, हरिभक्त माणूस, पलंगापाशी उभे राहून म्हणाले, "झालं ते झालं, पोरी. आता हा विषय घरात नको. बाईनं विचारायचं नसतं आणि पुरुषानं सांगायचं नसतं. त्यानंच पुढचं लवकर होतं." तिनं विचारलं नाही. जगभराच्या जागा विचारत हिंडणारी बाई, पण ही एक तिनं विचारली नाही. आधी त्राण नव्हतं म्हणून, मग अंकुरचे दिवस होते म्हणून, आणि मग इतकी वर्षं गेली होती की कुठल्या तोंडानं विचारायचं म्हणून. आणि ह्या सगळ्या वर्षांत तिचा नवरा रोज तिच्या डोळ्यांदेखत रेघ वाकडी करून जात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आई तिला म्हणायची ते काही खोटं नव्हतं. तिला राग आला. नीरजचा आला, काकांचा आला, त्या फळ्यावरच्या वाक्याचा तर सगळ्यांत जास्त आला.

"नीरज, सकाळी निजामुद्दीनच्या पुलानं का नाही आलास?"

"काय?"

"रविवार होता. रस्ता रिकामा होता."

"झालं तुझं सुरू? टोल मी भरला ना? जाऊ दे ना यार."

"तिला तिथे ठेवलंय?"

नीरजनं गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती. समोर ट्रॅक्टर होता, त्याच्या मागे तो बराच वेळ जात राहिला; एरवी असा ट्रॅक्टरमागे राहणाऱ्यातला तो नव्हे. "क्षिप्रा," तो शेवटी म्हणाला, "मला गाडी चालवू दे." तिनं चालवू दिली. सोहन्याच्या अलीकडचे डोंगर दिसायला लागले, मग फाटा आला. ह्या माणसाला आपण ओळखतो असं आपण कशावरून म्हणत होतो, असा एक विचार तिच्या मनात आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, की हा माणूस एकटाच हे सगळं घेऊन हिंडत होता. दोन्ही विचार खरे होते. त्यांतला कुठला धरावा ते तिला कळेना.

चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर, सतरंज्या घातल्या होत्या. हुक्के पेटले होते. बायका एका अंगाला, पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीशी बसल्या होत्या. भिंतीवर पोरांनी काढलेला नकाशा, पलंगपोसाएवढा, चार खिळ्यांवर ताणून लावलेला. प्रत्येक घर, प्रत्येक विहीर, प्रत्येक गोठा. असा नकाशा जिल्ह्यात कुणाकडे नव्हता, आणि त्यात जोहडाच्या पाळीपाशी एक पांढरा तुकडा, 'खाली' लिहिलेला. सरपंच उठून आला, "आओ जी मॅडम, थारी ए बाट देखैं थे." क्षिप्रानं हात जोडले आणि थोडा वेळ द्या म्हणाली. सतपाल खुर्च्या मांडत होता, त्याला तिनं नुसती मान हलवून बोलावलं. सुदेशला बोलावलं नव्हतं. ती आपणहून यंत्र गळ्यात अडकवून मागे आली, कारण मॅडम शिवारात निघाल्या म्हणजे काहीतरी मोजायचं असणार. नीरज गाडीत बसेल असं वाटलं होतं. तोही चार पावलं मागे चालत राहिला.

वाट जोहडाच्या पाळीपाशी आली. सतपाल थांबला. त्याचे पाय आपोआप बाजूला व्हायला लागले होते, आणि मॅडम ते बघतायत हे लक्षात येऊन तो जागीच उभा राहिला. क्षिप्रा म्हणाली, "सतपाल, आज सच बताओ. यहाँ क्या है? शाम तक ये जमीन चली जाएगी." तो चपलेकडे बघत राहिला. "यहाँ तालाब खोदेंगे. मशीन से." हे ऐकून त्याचा चेहरा उतरला. मग हलकेच म्हणाला, "मॅडमजी, मत पूछो. छोरी खड़ी सै." सुदेशनं भुवया चढवल्या. क्षिप्राला वाटलं आपण ओरडणार आता. तेवढ्यात मागून नीरज म्हणाला, "त्याला सोड, क्षिप्रा. त्याला नाही सांगता येणार. मी सांगतो."

तो तिच्याकडे बघत नव्हता, त्या गवताकडे बघत होता. "पुलाच्या पलीकडे, नदीच्या बांधाखाली, पुश्त्याखाली," तो म्हणाला. "रोपांची नर्सरी होती तिथे. काकानं नर्सरीवाल्याकडून कुदळ मागून आणली. काका खणत होता आणि मी तिला धरून बसलो होतो. तिला धरून बसणारा मीच एकटा, क्षिप्रा. तू नाही, कुणी नाही. काका म्हणाला, वर काही ठेवायचं नाही, दगडसुद्धा नाही, नाव नाही. आणि निघताना मागे वळून बघायचं नाही." तो थांबला. "मी बघितलं. म्हणून मला तिथून जाता येत नाही. रोज वाटतं आज जाऊ, आणि रोज हात वळतो. तुला सांगायचं मनात होतं गं. पण पहिल्या वर्षी जे सांगितलं नाही ते दुसऱ्या वर्षी कसं सांगणार?" आजवर नीरजला तिनं रडताना बघितलं नव्हतं. आताही तो रडत नव्हता, फक्त नाक पुसत होता पुन्हा पुन्हा. तिचा राग होता तिथेच होता, पण आता त्याच्या शेजारी आणखी काही येऊन बसलं होतं. तिनं त्याचा दंड धरला आणि सोडला नाही.

सतपालला मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तरी त्यानं चपला काढल्या. "हाँ जी," तो नीरजला म्हणाला, "यही बात सै. म्हारी भी एक सै उड़ै. बहन." गवताकडे बोट करून, पुरुष पुरुषाशी बोलावं तसं तो बोलला, आणि सुदेश मध्ये घुसली, "के बात सै? कोए मन्नै भी बतावैगा?" तिघांनीही क्षिप्राकडे बघितलं. सांगितलं की संपलं. ह्या गावातल्या बापांनी, आजोबांनी, पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवलेली गोष्ट चौपालीवर जाणार, आया इथे येऊन माती उकरणार. न सांगावं तर यंत्र येऊन माती उकरणार. क्षिप्रा म्हणाली, "सुदेश, यहाँ बच्चे हैं. जो छोटे-छोटे चले गए, वो सब." सुदेशनं गवताकडे पाहिलं. मग म्हणाली, "दादी आज तक पूछै सै. कित धरे थे म्हारे, कोए बतावै कोन्या." आपली बाळं कुठे ठेवली ते दादीला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सुदेशनं गळ्यातलं यंत्र सुरू केलं आणि गवतात पाऊल टाकलं. "उड़ै मत जा," सतपाल जवळजवळ ओरडला. आणि मग, ती थांबत नाही असं बघून, अनवाणी तिच्या पुढे झाला. "भीतर ना. किनारे-किनारे चाल. मैं दिखाऊँ सूँ." तो पुढे, ती मागे, असे ते दोघं कडेकडेनं चालत गेले. यंत्र आपलं काम करत होतं. पोरांनी जो वळसा बाहेरून अर्धाच घेतला होता तो सुदेशनं पुरा केला आणि निघाली होती तिथे परत येऊन टेकली.

चौपालीवर लोक कंटाळले होते. सुदेश सरळ नकाशापाशी गेली. यंत्रातले आकडे बघून तिनं काळ्या शाईनं त्या पांढऱ्या तुकड्यात एक गोल ओढला, वाकडातिकडा, पण बंद. मग पेन तसंच धरून तिनं मागे पाहिलं. "मॅडमजी, के लिखूँ? दिखता तो कुछ भी ना." वर्षभर घोकलेला नियम पोरगी विसरली नव्हती. क्षिप्रा उठून उभी राहिली. "जो दिखता नहीं, वो भी होता है, सुदेश. मैंने गलत सिखाया था. वो शब्द काट दो." सुदेशनं 'खाली'वर रेघ मारली आणि त्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'म्हारे बालक'. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, मग शेजाऱ्याला सांगितलं. हुक्क्याची गुडगुड एकेक करून बंद झाली.

"यो के तमाशा सै," सरपंच म्हणाला. तो क्षिप्राकडे बघत होता, सुदेशकडे नाही. "मॅडम, थमनै ए तो लिखवाया था खाली. इब बदल दिया? कंपनी नै के जवाब द्यूँ मैं?" तो बरोबर बोलत होता. उत्तर बायकांच्या अंगाकडून आलं. सुदेशची दादी रामरती, पदर तसाच हनुवटीपर्यंत, भिंतीला धरून उभी राहिली होती. चौपालीवर बाईनं बोलायचा रिवाज नाही, आणि ती तर वाकून दुप्पट झालेली. "जो न्यू कहवै के उड़ै खाली सै," ती म्हणाली, "वो हाथ ठा दे. पहल्यां तू ठा, सरपंच." कुणी हात वर केला नाही. पागोट्यातले म्हातारे आपापल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. सगळे एकदा तरी गाठोडं घेऊन त्या वाटेनं गेलेले. सरपंचाचा उजवा हात मांडीवर होता. त्याची बोटं जराशी उचलली गेली आणि पुन्हा मांडीवर टेकली. मग त्यानं तोच हात डोळ्यांवरून फिरवला. तेवढा तुकडा सोडून बाकीचा ठराव झाला. बाकीचं 'खाली' लिहिलेलं सगळं गेलं, गायरानसुद्धा. तसं काही फार मोठं जिंकलं नव्हतं कुणी. क्षिप्रा गाडीत बसली तेव्हा जोहडाच्या बाजूनं बायकांची रांग चालली होती, सगळ्यांत पुढे रामरती, तिचा हात धरून सुदेश. कुणी रडत नव्हतं. नुसत्या चालल्या होत्या, सरळ.

परतीच्या वाटेवर दोघं मॉलवरून गेले, तरी नीरजनं ते चकचकीत पुस्तक कुठे ठेवलं ते विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. उन्हं कलली होती. आश्रमचा चौक मागे पडला, टोलच्या पुलाकडे वळायची जागा आली. क्षिप्रा त्याच्या हातांकडे बघत होती. हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते, आणि मागून हॉर्न वाजत होते कारण गाडी फारच हळू चालली होती. हे तिनं म्हणून व्हायचं नव्हतं. वळण आलं आणि गेलं. गाडी सरळ निघाली, पुढे निजामुद्दीनच्या पुलावर चढली, आणि खाली यमुनेचं काळं पाणी आणि काठचे काकडीचे मळे दिसले.

पूल उतरल्यावर त्यानं गाडी पुश्त्याच्या कडेला घेतली. नर्सरी अजून होती, पूर्वीपेक्षा मोठी. कुंड्यांच्या रांगाच रांगा, मोगरा, तगर, प्लास्टिकच्या पिशव्यांतली आंब्याची रोपं. दोघं उतरले. नीरज चार पावलं एका बाजूला गेला, परत आला, दुसऱ्या बाजूला गेला. तेव्हा खुणेला एक कीकर होता, तो आता दिसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की तिला त्याची दया आली. "क्षिप्रा," तो म्हणाला, "इथेच... इथेच कुठेतरी." आयुष्यभर ज्या शब्दांचा तिला राग होता ते शब्द तिनं ऐकून घेतले. नक्की कुठे, असं विचारलं नाही. तिच्या पर्समध्ये यंत्र होतं, ते तिनं काढलं नाही. ती नुसती उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिला कळलं की आपण कुठल्या दिशेला बघतोय.

माळी रोपांना पाणी घालत होता. संध्याकाळचं गिऱ्हाईक आलं असं वाटून तो जवळ आला. "क्या चाहिए साब?"

"कुछ नहीं," नीरज सवयीनं म्हणाला. मग थांबला. त्यानं क्षिप्राकडे पाहिलं आणि पुन्हा माळ्याकडे वळला. "हमारी बेटी है यहाँ," तो म्हणाला.

माळ्यानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा जमिनीकडे पाहिलं, आणि जाऊन नळ बंद केला.